मिक्सर डब्याशी बोलत नाही

१ नोव्हेंबर २००९, रविवार
संकल्प : या सीझनला कोणावरही रागवायचं नाही. डिजिटल माणसाला राग शोभत नाही.
नागपूरहून नाटकाच्या साऊंडसाठी सेकंडहँड डिजिटल मिक्सर आणला. वडसा ते सिरोंचा, असा मिक्सर दुसऱ्या कोणाकडे नाही. जुना मिक्सर त्याच्या जाडजूड वायरीसकट एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. खैरुन म्हणाली, नवा नीट चालेपर्यंत जुना राहू द्यायचा होता. बायकोला टेक्नॉलॉजी कळत नाही. मी रागावलो नाही. फक्त जेवलो नाही.
संध्याकाळी गुणाबाई मिक्सर बघून गेल्या. तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करतात. यंदा गडचिरोलीच्या डॉक्टरांनी बजावलंय की ओरडायचं नाही, नाहीतर गळा कायमचा जाईल. म्हणाल्या, "गफ्फारभाऊ, तुमच्या भरोशावर उभी राहून राह्यली मी." मी शब्द दिला. बाई, तुम्ही कुजबुजलात तरी शेवटच्या माणसाला ऐकू जाईल.

३ नोव्हेंबर
मिक्सर डब्याशी बोलत नाही.
हा डबा मिक्सरसोबतच आला, तो स्टेजवर ठेवायचा. सगळे माईक आणि स्पीकर त्याला जोडायचे. त्याच्यातून एकच बारीक केबल मिक्सरपर्यंत येते. या मिक्सरला माईक थेट लावायची सोय नाही. म्हणजे डबा बोलला नाही तर मिक्सर हा नुसता रंगीत पाट.
नागपूरच्या दुकानदाराला फोन केला. मिक्सरचं सॉफ्टवेअर व्हर्जन दोनवर आहे, डब्याचं एकवर. म्हणतो, मिक्सर परत एकवर आणा, दहा मिनिटांचं काम. मला मागे जायला सांगतो! मी डबा पुढे आणीन. फोन आपटला. मोबाईल असल्यामुळे गादीवर आपटला.

५ नोव्हेंबर
डब्याच्या अपग्रेडची फाईल गुलाबच्या इंटरनेट कॅफेत उतरवायला बसलो. अर्ध्यावर लोडशेडिंग. परत पहिल्यापासून. परत लोडशेडिंग. गुलाबला दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, "लाईन का मी खिशात घेऊन फिरून राह्यलो का भाऊ? बसा, सुपारी खा." सुपारीवरही राग आला. फाईल मिळाली, पण संकल्प उद्यापासून.

६ नोव्हेंबर
डबा अपग्रेडला लावला. मध्येच लाईट गेली. आली तेव्हा डब्याचे सगळे दिवे बंद. खैरुन म्हणाली, मेला. मी म्हणालो, झोपलाय. आज तिच्याशी बोलणार नाही.
तोवर मिक्सरच्या स्क्रीनवर पूर्ण नाटकाची सेटिंग करून ठेवली. प्रत्येक प्रवेशाची वेगळी. गुणाबाईंच्या माईकला जांभळा रंग. अजून त्यातून काही ऐकू आलेलं नाही, पण दिसायला फार सुंदर आहे.

८ नोव्हेंबर
डबा कवटाळून एसटीनं नागपूरला. आरमोरीपर्यंत उभा. दुकानदारानं डबा जिवंत केला. विचारलं, कितवं व्हर्जन टाकू? म्हणालो, सगळ्यात नवं. म्हणाला, नक्की? मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. टाकलं त्यानं.

९ नोव्हेंबर
आता डबा तीनवर, मिक्सर दोनवर. बोलत नाहीत.
दुकानदार म्हणतो, मी विचारलं होतं. नीच माणूस.
नाटक कंपनीचे मालक इतवारीभाऊ आले. म्हणाले, "काऊन भाऊ, सोयरिक जमली का नाई दोघाची? का मूलच्या साऊंडवाल्याले सांगून ठेवू?" माझ्या दुकानात उभं राहून मूल गावच्या साऊंडवाल्याचं नाव! मी सांगितलं, दुसऱ्याचा साऊंड लागला तर मी धंदा सोडीन. खैरुन आतून म्हणाली, "सांगून ठेवा भाऊ." तिच्याशी न बोलण्याची मुदत वाढवली. मूलवाल्याला सांगू दिलं नाही.

१२ नोव्हेंबर, पोंभुर्ण्याजवळ, मंडईच्या जत्रेतला प्रयोग
दुपार. मिक्सर तीनवर नेला. केबल लावली. हिरवा दिवा! बोलले! इतवारीभाऊंनी स्वतः चहा आणून दिला. नागपूर, गुलाब, मूल, खैरुन : सगळ्यांना माफ केलं.
संध्याकाळ. मिक्सर विचारतो, जुनी सेटिंग दोनची आहे, तीनमध्ये बदलू का? अर्थात बदल. जांभळा रंग काय वाया घालवायचा? हो दाबलं.

१३ नोव्हेंबर, सकाळ
प्रयोग झाला. तांत्रिकदृष्ट्या अपग्रेड यशस्वी.
पडदा उघडला तेव्हा सेटिंग बदलणं अकरा टक्क्यांवर होतं. वर सूचना होती, काम चालू आहे, बंद करू नये. माईक एकही चालू नव्हता. इतवारीभाऊ विंगेतून हातवारे करत होते. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. सूचना मी लिहिलेली नव्हती.
गुणाबाई दोन वाक्यं हळू बोलल्या. मागून लोक ओरडले, "ऐकू नाई येत!" मग त्या पुढे आल्या, कमरेवर हात ठेवला आणि तिन्ही अंक आपल्या आवाजात काढले. मंडईतलं पोरगंसुद्धा जागचं हललं नाही.
सेटिंग पूर्ण बदलली तेव्हा लोक सतरंज्या झटकत होते.
एक अनुभव नोंदवून ठेवतो. लटारू नावाचे म्हातारे, शेवटच्या रांगेतले, स्वतः येऊन म्हणाले, "औंदा माईकची शिट्टी एकडाव नाई वाजली भाऊ." डिजिटलमध्ये वाजतच नाही.

१४ नोव्हेंबर
आज गुणाबाई भांडायला येणार हे ठाऊक होतं. उत्तरं तयार ठेवली होती. लोडशेडिंग, दुकानदार, स्क्रीनवरची सूचना. आवाज चढवून बोलायचं ठरवलं होतं.
आल्या. दारात उभ्या राहिल्या, माझ्याकडे बोट रोखलं आणि तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं. नाही.
खैरुननं त्यांना बसवलं, गरम पाणी दिलं. बाई हातानं सांगू लागल्या, ही मला समजावू लागली. "बाई म्हणतात, तू भिकारचोट आहेस. बाई म्हणतात, तुझ्या मिक्सरले आग लागो. बाई म्हणतात, घरातल्या माणसाचं एक ऐकत नाहीस." यातल्या निम्म्या शिव्या बाईंच्या नव्हत्या, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला कळतं.
शेवटी मीच विचारलं, बाई, आता पुढच्या प्रयोगाचं काय?
गुणाबाईंनी गळ्यावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.
हे खैरुननं समजावून सांगितलं नाही.