हौश्या पावला

१८ ऑगस्ट
लातूर सोडून मुखेडजवळच्या या गावात मास्तरीण म्हणून रुजू झाले एकदाची. भुजंगकाका आणि तुळजाबाईंनी ओसरीलगतची खोली दिली. भाडं विचारलं तर काका म्हणाले, म्याडम, आधी जेवा तर. त्यांचा बैल हौश्या माझ्या खिडकीसमोरच बांधलेला असतो. हा शेजारी तसा गडबड्या आहे, सारखी गळ्यातली घंटा वाजवतो. तुळजाबाईंनी आल्याआल्या मला पोळ्याच्या तयारीला जुंपलं. कुणी हक्कानं कामाला लावलं की बरं वाटतं.

२२ ऑगस्ट
पोळा. खोबरं किसताना अंगठा कापला. तरी हौश्याला पहिली पुरणपोळी भरवायचा मान मलाच. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, पण स्वारी रुसलेली. पोळी तोंडातून खाली पडली, लाळेच्या तारा सुटल्या. माझा अंगठा मात्र चाटला. पदराला पुसायला गेले तर तुळजाबाई म्हणाल्या, पुसू नका, सणाला चाटलं म्हंजे पावला. मीही हसून तसाच ठेवला. घशात काही अडकलं असेल म्हणून काकांनी कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. काही सापडलं नाही.

२४ ऑगस्ट
हौश्या गेला. दोन दिवस घोगरा हंबरत होता, खुंट्याला धडका देत होता. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, घशात काही नव्हतं, बैल पिसाळला होता. मग काकांना आठवलं, पेरणीच्या वेळी शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी, त्याला कुत्रं चावलं होतं. ज्यानं तोंडात हात घातला त्यानं लस घ्यावी, असं बजावून डॉक्टर गेले. काका ऐकेनात. बैल काय चावला न्हाई, सुई कशाला? मी चांगली खरडपट्टी काढली आणि स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं. तिथं विचारलं, आणखी कुणाला लाळ लागली? काका म्हणाले, मी एकटाच. मीही मान डोलावली. अंगठ्यावर खपली धरली होती, आणि चाटणं मोजावं असं वाटलंच नाही.

२१ सप्टेंबर
काकांचा शेवटचा डोस झाला. प्रत्येक खेपेला मीच नेलं. ते आत, मी बाहेरच्या बाकावर चहा पीत. तुळजाबाईंनी आज माझी दृष्ट काढली. म्हणाल्या, तुमच्यामुळं कुंकू राहिलं.

७ ऑक्टोबर
अंगठ्याला मुंग्या. जखम कधीच भरली, तरी आत काहीतरी चावतंय. ताप आहे. शाळेत पोरांवर उगाच खेकसले.

९ ऑक्टोबर
पंखा बंद केला. वारा गळ्याला लागतो. चहाचा घोट तोंडाशी आला की गळा आवळतो. दवाखान्यात डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला, मी दचकून मागे सरले. मग ते माझ्याकडे न बघता काकांशीच बोलले. नांदेडला न्या म्हणाले.
त्या बाकामागे भिंतीवर तक्ता आहे. जखमेला लाळ लागली तरी लस घ्या. इतक्या वेळा मी त्यालाच पाठ टेकून बसले. संताप येतो. तुळजाबाईंचा, काकांचा, सगळ्यात जास्त माझा.

१० ऑक्टोबर
गाडी यायची आहे. काका ओसरीवर धडधाकट. त्यांना मी ओढत नेलं— मला कुणी का नाही— हेवा वाटतो. लाज वाटत नाही.

थुंकी गिळता येईना. पदर भिजला. समोर रिकामा खुंटा—

तुळजाबाई रडून राहिल्यात. घोटभर तरी घ्या म्हणतात. काका तांब्या घेऊन निघाले. नको म्हणून ओरडले— आवाज हौश्याचा—

पाणी हिंदकळतंय. ऐकू येतं. काका, दार लावा, बाहेरून कडी— मी तुम्हाला—