उजव्या हाताची नखं

३ जून

आज आलं ते —
लांबट लाकडी पेटी, एक. मालभाडं आपणच भरायचं — ४२.
हमाल — ६. (आठ मागत होता.)
पेटीचे खिळे उपटायला शेजारचा सुतार — फक्त चहा.

पेटीतून निघालं: गिटार. नखं घासायची बारीक कानस. डिंकाची ट्यूब, अर्धी वाळलेली. चिठ्ठी नाही. कपटासुद्धा नाही!

म्हणजे चिरंजीवांनी आपलं ओझं माझ्या पैशाने माझ्याच दारात आणून टाकलं. याच लाकडासाठी दोन वर्षं घर डोक्यावर घेतलं होतं. ह्यांच्याशी अबोला, माझ्याशी अबोला, भरल्या ताटावरून उठून जाणं. फेब्रुवारीत कारखान्यात नोकरी लागली तेव्हा अंथरूण इथेच ठेवलं आणि गिटार खांद्याला लावून निघाला. "थंडी वाजली तर हिलाच पांघरशील का रे?" म्हटलं होतं मी. हसला होता.

आणि आता परत! हौस फिटली!

तारांखाली गिटारीच्या अंगावर पातळ पारदर्शक पत्रा चिकटवलेला आहे. त्यावर एकाच जागी नखाचे ओरखडेच ओरखडे. इतकी महागाची वस्तू, मांजराने ओरबाडावी तशी केली आहे. ओल्या फडक्याने पुसली. जात नाहीत.

६ जून

पत्र आलं. अक्षर त्याचं नाही!

"गिटार मिळाली असेल. मला आता वेळ होत नाही. बाबांना विकायला सांग. कामाच्या गडबडीत खोलीतल्या मित्राकडून लिहवून घेतो आहे, राग नसावा."

राग नसावा! चार ओळींसाठी लेखनिक ठेवला. एवढा मोठा साहेब झाला! मेमध्ये हे ऑफिसच्या कामाने तिकडे गेले होते, तेव्हा भेटून आले. "मजेत आहे," एवढंच सांगितलं. मजेतच असणार. आई काय, हमालाला सहा देईल आणि गप्प बसेल.

संध्याकाळी दिवा लावताना देवाला सगळं सांगितलं. म्हटलं, याला एकदा चांगली अद्दल घडव.

९ जून

गिटारच्या क्लासची वर्षाची फी त्याने आगाऊ भरून ठेवली होती — माझ्याच डब्यातून नेऊन! दोन महिने जेमतेम गेला. उरलेली परत मागायला गेले.

छापखान्याच्या वर खोली. खाली यंत्र धडधडतं, वर जमीन थरथरते. सर म्हणजे साठीचा वाळका माणूस. उजव्या हाताची नखं लांब, डाव्या हाताची मुळापासून कापलेली. जन्मभर बोटीवरच्या बँडात वाजवत होते म्हणे. स्पेनच्या कुठल्याशा बंदरात फ्लॅमेन्को नावाचं तिकडचं गिटारवादन शिकले.

"फी परत होत नाही, बाई."

"मुलगाच नाही, तर शिकवणार कोणाला?"

"जागा भरलेली आहे. कोणीही बसा."

"मग काय मी बसू?" — रागाने म्हटलं हो!

"बसा," म्हणाले. आणि खुर्ची पुढे सरकवली.

१२ जून

बसले. डिसेंबरपर्यंतची फी आहे, फुकट का सोडा?

हे म्हणाले, "या वयात?"

म्हटलं, "फी याच वर्षाची भरलेली आहे."

१९ जून

हिशेब एकपासून सुरू होतो हे पहिलीतल्या पोराला कळतं. इथे बारापासून! बारा, एक, दोन, तीन... बारावर जोर, तीनवर जोर, सहावर, आठवर, दहावर. मध्येच हे जोर पावलांसारखे जवळ जवळ येतात आणि मी तोंडघशी पडते. आधी महिनाभर नुसत्या टाळ्या. गिटारीला हात लावायचा तो शेवटची पंधरा मिनिटं.

मला वाटलं होतं, टाळ्या येतात आपल्याला. जन्म गेला भजनात. सरांनी हात धरून थांबवलं. "बाई, तुम्ही देवाला बोलावताय. इथे कोणी येणार नाहीये. इथे उंबऱ्यावर उभं राहून भांडायचंय."

भांडायचंय म्हणे! ते तर मला येतं. पण तेही बारापासून येत नाही.

वर्गात आणखी दोघं. एक नर्सबाई — रात्रपाळी करून येते, चौथ्या टाळीला पेंगते. दुसरा कारकून. त्याची नखं ठिसूळ, म्हणून टेबलटेनिसच्या चेंडूची कात्रणं डिंकाने बोटांवर चिकटवून येतो! त्याला सगळे चेंडूवाला म्हणतात. आज एक नख सुटून नर्सबाईच्या चहात पडलं. तिने चमच्याने काढलं, पुसलं, परत दिलं. "औषधाचा डोस आहे का?" म्हणाली. मी हसले. मग घरी येईपर्यंत स्वतःवर चिडले. हसायला गेले होते का मी?

३ जुलै

उजव्या हाताची नखं वाढवायला सांगितली आहेत.

आयुष्यात कधी नख ठेवलं नाही. नखात मळ, मळात पाप — आईने हेच शिकवलं. आणि पीठ कशाने मळू? भांडी कशाने घासू? सर म्हणतात, डावा हात आहे की. यांना डाव्या हाताने एकदा पातेलं घासून दाखवायला सांगितलं पाहिजे.

१० जुलै

डाव्या हाताने मळते आहे. पीठ भिंतीवर, पीठ पदरावर. हे म्हणाले, "घारीसारखी नखं घेऊन देवापुढे बसतेस?" म्हटलं, "देव नखं बघत नाही. बघितली तर त्याच्याशी मी बोलीन."

२४ जुलै

करपलेलं पातेलं. विसरून उजवा हात घातला. मधल्या बोटाचं नख मुळापासून मोडलं. तीन आठवड्यांचं नख!

रडलेच. पातेलं आपटलं. म्हटलं, दोन हात या घरात कायमचे पाण्यात, आणि दोन कायमचे वर्तमानपत्रात! हे उठले. बाह्या दुमडल्या. एक अक्षर न बोलता सगळी भांडी घासली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पहिल्यांदा! मला बरं वाटायला हवं होतं. उलट धसका बसला. माझं ओरडणं हे असं मुकाट ऐकून घेणारे नव्हेत. काहीतरी काळंबेरं आहे. बढती हुकली असेल.

७ ऑगस्ट

आज चारी बोटं झटकायला शिकवली. करंगळीपासून एकेक बोट तारांवर सोडायचं, चौघांचा मिळून एकच कडकडाट व्हायला हवा. हाताला चिकटलेलं पीठ झटकावं तसं. मी झटकलं. खालचं यंत्र थांबल्यासारखं वाटलं, एवढा आवाज!

सर म्हणाले, "राग भरपूर आहे. उसना आणावा लागणार नाही. फक्त तो वेळेवर आला पाहिजे. तुमचा नेहमी आधी येतो."

मग तो पारदर्शक पत्रा कशाला ते सांगितलं. झटकताना मध्येच अनामिकेच्या नखाने लाकडावर ठोका द्यायचा, म्हणून. ओरखडे पडले तर समजायचं, माणूस रियाज करतो.

म्हणजे एवढा रियाज करत होता! आणि तरी फेकून दिली! आज त्याचा राग दुप्पट आला.

२१ ऑगस्ट

पुन्हा पत्र, पुन्हा लेखनिकाचं अक्षर. "ठीक आहे. काळजी नसावी. दिवाणखान्यात अडचण होत असेल तर गिटार विकाच." मी काय विचारलं होतं? २१ सप्टेंबरला आमचा शिकाऊ लोकांचा कार्यक्रम आहे, एक दिवसाची रजा काढून ये. त्यावर अक्षर नाही!

फोटो पाठवला आहे. कारखान्याच्या फाटकाशी उभा. उजवा हात खिशात. मालकच जणू!

११ सप्टेंबर

हे जेवताना म्हणाले, "कॅशियरच्या मुलीला गिटार हवी आहे. रविवारी येऊन नेतील."

"कोणाला विचारून?"

"ज्याची आहे तोच विक म्हणतो."

"माझी डिसेंबरपर्यंत फी आहे! एकवीस तारखेला कार्यक्रम आहे!"

"किती दिवस ती डोळ्यांसमोर ठेवायची?" — हे ओरडले. मग एकदम आवाज उतरला. "मला नको वाटते ती घरात, बस."

तुम्हाला नको! मला तुमचं वर्तमानपत्र नको वाटतं, मी रद्दीवाल्याला बोलावते का? रात्री जप नीट झाला नाही. मणी ओढताना बारापासून मोजत होते.

१३ सप्टेंबर

दुपारी दारात एक मुलगा. "काकू, मी त्याच्या खोलीत असतो. गावी चाललोय, म्हटलं भेटून जावं."

"अस्सं! लेखनिक तुम्हीच का?"

लाजला. बिचारा साधा मुलगा. जेवायला वाढलं. वाढता वाढता मी सुरू झाले ती थांबेचना. जूनपासून स्वतःची एक ओळ नाही. आईच्या कार्यक्रमाला यायला नको. गिटार विका म्हणे! इथे बापाने परवा गिऱ्हाईकही ठरवलं. विकू देते का मी? ज्याची त्याच्या गळ्यात घालीन. तावातावाने आत गेले, गिटार आणली, त्याच्यापुढे आपटलीच.

"गावाहून परतताना घेऊन जा. त्याला म्हणावं, तिसरी तार नवी घातली आहे. म्हणावं, आईने नखं वाढवली, डाव्या हाताने पीठ मळलं. तू नुसती वाजवून दाखव. नाहीतर माझ्या नावाने आंघोळ कर!"

मुलाने घास खाली ठेवला. गिटारीकडे बघितलं. मग माझ्या नखांकडे.

"काकू, वाजवणार कुठल्या हाताने तो?"

मला कळलंच नाही.

"काकांनी सांगितलं नाही तुम्हाला? मेमध्ये ते आलेले की दवाखान्यात. कारखान्यात पत्रा दाबायच्या यंत्रात हात गेला. उजवा. मधली तीन बोटं... अंगठा आणि करंगळी राहिली."

भात वाढायचा पळा माझ्या हातात होता. मी त्याला विचारलं, "अजून भात?" असं विचारलं मी.

१३ सप्टेंबर, रात्री

हे आले. दारातच विचारलं. चपला काढल्या नाहीत, तसेच बसले.

"तार ऑफिसात आली. त्यानेच शपथ घातली. आईला सांगू नका म्हणाला."

"आणि तुम्ही ऐकलंत!"

"सांगून काय झालं असतं? रडली असतीस."

"रडले असते! माझं रडणं होतं ते! तुम्ही कोण ठेवून घेणारे?"

तीन महिने त्याच्यावर दात खात होते मी. तीन महिने हे समोर बसून बघत होते. पातेलं घासलं म्हणजे फिटलं का?

दिवा लावला नाही आज. समोर बसले नुसती. म्हटलं, रोज इथे बसून मी त्याची तक्रार करत होते. अद्दल घडव म्हणत होते. तुला माहीत होतं, ती मागायच्या आधीच घडली होती. एक इशारा तरी! घरात तीन पुरुष गप्प. बाप, लेक आणि तू.

१४ सप्टेंबर

कॅशियर आणि त्याची मुलगी आली. ह्यांनीच दारातून परत पाठवलं. मी आतून ऐकलं. चहाही विचारला नाही.

ओरखड्यांवर बोट ठेवून बघितलं. अनामिका. माझं नख त्याच खाचेत बसतं.

१८ सप्टेंबर

क्लासला गेले. सरांना सांगितलं. नर्सबाई पेंगत होती ती ताठ बसली. दवाखान्याचं नाव, टाके, जखम भरली का — सगळं विचारलं. मला एकाचंही उत्तर माहीत नाही! लाज वाटली. मी आई!

सरांनी बारा धरून टाळी सुरू केली. चेंडूवाल्याने धरली. मग मी. आज राग आधी आला नाही.

एकवीसला मी वाजवणार आहे. हे म्हणाले, "मीही येतो." या म्हटलं. माफ नाही केलेलं.

१९ सप्टेंबर

कार्ड टाकलं. उतरवून ठेवते:

"बाळा, गिटार विकलेली नाही, विकणार नाही. मला सगळं कळलं आहे. मित्रावर चिडू नकोस. मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, ते समोर आल्यावर. जखम दुखते का, ताट कसं उचलतोस, शर्टाची बटणं कोण लावतं? लेखनिक नको. डाव्या हाताने तूच लिही, वाकडंतिकडं चालेल. मीही डाव्या हातानेच मळते. उलट टपाली कळव."