डावा पाय

४ नोव्हें.
सिम्युलेटरचा चेक नापास. धावपट्टी सुटता सुटता तपासणाऱ्या कॅप्टननी डावं इंजिन बंद केलं. नाक डावीकडे ओढतं. उजवं पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं, हातातल्या स्टिकने पंख सपाट. दाबलं. धरलं नाही. डावा पाय आपोआप गेला, मग परत उजवा, परत डावा. एवढ्या मोठ्या विमानात असे उलटसुलट पाय मारले तर शेपूट तुटू शकते. तपासणारे कॅ. म्हणाले, "मॅडम, सायकल चालवताय का?"
पुन्हा चेक चौदाला. तेव्हाही असंच झालं तर को-पायलटची खुर्ची गेली. दमले.

६ नोव्हें.
वरठी स्टेशनला बाबा मोटारसायकल घेऊन उभे. सुट्टी आहे म्हणून सांगितलं. बाहेर दोघा ओळखीच्यांना थांबवून म्हणाले, ही माझी पोरगी, विमान चालवते. मी खाली बघत राहिले.

७ नोव्हें.
दिवसभर लोळले. संध्याकाळी उगाच घरच्या हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. मागावर बाबांचं कोशाचं रेशमी पातळ अर्धं. धोटा फेकला की पायाखालची उजवी पावडी, परत फेकला की डावी. आठव्या वर्षापासून हेच. पंधरा-वीस धागे विणले आणि हात थांबले, पाय चालूच. तेव्हा कळलं, विमानात डावा पाय का जातो ते. बसल्या जागी रडू आलं.

८ नोव्हें.
बाबांना सगळं सांगितलं. म्हणाले:
"चालवाले शिकवलं मी. थांबाले नाही शिकवलं."
त्यांचा काय दोष, पण त्यांना लागलं. जेवले नाहीत नीट.

९ नोव्हें.
सकाळी बाबांनी विणणं बंद ठेवलं. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला कोशाचा एकेरी धागा बांधला, दुसरं टोक वर मागाच्या दांडीला. उजवी पावडी दाबली की डावी वर येते, धागा सैल. डावा पाय खाली गेला की तटकन तुटतो. विमानातली पेडलंही अशीच एकमेकांना जोडलेली, हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, मंग त्यात नवीन काय.
किती वेळा तुटला, मोजलं नाही. दर वेळी वाकून नवा बांधतात. गुडघे दुखतात त्यांचे.

११ नोव्हें.
बसून बसून माझी पाठ गेली. बाबा मधूनच टाळी वाजवतात, म्हणजे इंजिन गेलं. दुपारी धागा बराच वेळ टिकला. मग चहा आणला शेजारच्या काकूंनी, कप घ्यायला हात पुढे केला, आणि डावा पाय खाली गेला. तुटला.
चिडचिड केली बाबांवर. उगाच.

१२ नोव्हें.
निघाले. वरठीला गाडी अर्धा तास उशिरा. बाबा म्हणाले,
"नाही जमलं तं ये. माग आहे न आपला."
हो म्हटलं. मला यायचं नाही. किती प्रेमाने म्हणाले, आणि मला तेवढीच भीती त्या खड्ड्याची वाटते. हे त्यांना कधी सांगता येईल असं वाटत नाही.

१४ नोव्हें.
चेक दीडला. बाहेर बाकावर बसलेय. बाबांचा फोन आला होता, पातळ परत विणायला घेतलंय म्हणाले. फोनमध्ये मागाचा खटखट आवाज येत होता, म्हणजे विणायला माझ्या काकाला बसवलं असेल.
फोन ठेवला आणि खाली पाहिलं. डावा पाय त्या आवाजाच्या तालावर अजून चालू होता.
आत बोलावलं.