दुर्गदबैलात भांडण मिळत नाही

हुबळी, सोमवार

ती. अंबूआत्यास श्रीलक्ष्मीचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मिरजेचं पाणी मानवलं असेल, असं धरून चालते. (फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.) इकडे सगळे ठीक. अप्पांचं बीपी गोळीने ताब्यात आहे.

माझं संशोधन मात्र अत्यवस्थ आहे. विषय तुला ठाऊक आहे : दुर्गदबैल बाजारातील तंटे व समेट, एक समाजशास्त्रीय अभ्यास. धारवाडला विद्यापीठात तो मांडला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या बाजारात भांडण शोधत फिरावं लागेल, अशी शंका कुणालाच आली नाही. पण विद्यापीठाचा नियम असा, की रेकॉर्डर सुरू करण्याआधी दोन्ही पक्षांची लेखी संमती हवी. (नियम चांगलाच आहे. करणाऱ्याने बहुधा भांडण पाहिलेलं नसावं.) भांड्यांच्या दुकानाचे महादेवअण्णा आणि शेजारचा धान्यवाला संतोष हातगाडीच्या जागेवरून रोज सकाळी एकमेकांचा उद्धार करतात, हे तू जाणतेसच. मी संमतिपत्रं घेऊन मध्ये शिरले. अण्णांना चष्मा सापडेना, म्हणून संतोषने त्यांना मजकूर वाचून दाखवला, कानडीत, अर्थासह. मग संतोषचं पेन चालेना, अण्णांनी आपलं दिलं. सह्या होईपर्यंत चहा आला आणि हातगाडी दोघांनी मिळून बाजूला घेतली. अण्णांना धाकट्या बहिणीची यावी तशी माझी दया आली. "तंगी, भांडण पायजे काय? उद्या ये बा, सावकाश भांडतो."

दुसऱ्या दिवशी दोघे इस्त्रीचे शर्ट घालून हजर. अण्णा म्हणाले, तसं संतोषचंही बरोबर आहे. संतोष म्हणाला, वडीलधाऱ्यांना मी काय बोलणार. चहा थंड होईपर्यंत हेच. माझ्या मार्गदर्शक मथुराबाईंनी ते सगळं रेकॉर्डरवर ऐकलं, टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे सरकवला आणि तुमच्याकडे नेहमी असंच भांडतात का, एवढंच विचारलं. दिवाळीआधी समितीपुढे एक तरी अस्सल भांडण ठेवायचं आहे, नाहीतर विषय हातचा जाईल.

घरी तर आशाच नाही. तू गेल्यापासून अप्पांशी भांडायला कुणी उरलेलं नाही. आई ऐकून घेते. आमटी खारट झाली तरी ते मुकाट जेवतात. आपल्या दुकानाला अप्पांनी काचेचं दार बसवलं त्या दिवशी तू म्हणालीस, दार बघून गिऱ्हाईक पुढे जाईल. ते म्हणाले, गिऱ्हाईक तुला बघून पुढे जातं. तू पिशवी भरलीस आणि मिरजेला स्वप्नीलदादाकडे गेलीस. तू तेव्हा दिलं नाहीस ते उत्तर अजून घरात कुठेतरी पडून आहे. (अण्णा-संतोषचं रोज मिटतं, कारण रोज होतं.)

दादाला नमस्कार, वहिनीला माझ्या वाटणीच्या सांडग्यांची आठवण.

तुझी,
श्रीलक्ष्मी

ता. क. येऊन जा. तू आणि अप्पा, दुकानाच्या ओट्यावर, पूर्ण आवाजात. समितीला तेवढं पुरेल. संमतिपत्र सोबत आहे. सही तिकडेच करून ये, इथे पेन शोधत बसू नकोस.

आणखी ता. क. तुला फसवणं मला जमत नाही. मथुराबाईंनी विषय मागेच बदलून दिला, रेकॉर्डरही परत केला. तरी ये.

शेवटचं. काचेचं दार अप्पांनी काल काढून टाकलं. म्हणाले, बिजागरी गंजली होती. नव्या दाराची बिजागरी कशी हो गंजली, असं त्यांना विचारणारं घरात कुणी नाही.