पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क

१२ नोव्हेंबर
ह्यांच्यावर लक्ष ठेवायला खोलीत लावलेला कॅमेरा बंद केला!

नाश्त्याला घावणे वाढत होते. आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांची छोटी अक्षदा म्हणाली, "आजी, आजोबांना पुसताना तुम्ही गाणं म्हणता!" तिच्या टॅबवर आमची आतली खोली. हे अंथरुणावर, उघडे. "मी त्यांना रोज हॅलो म्हणते." कॅमेऱ्यातून बोलताही येतं, विसरलेच होते. तिची आई शरमेने लाल. तिचा काय दोष? पाहुण्याला वेगळं ताट लावायचं नाही ही या घराची रीत. वायफायचा घरचाच पासवर्ड मीच दिला, आणि कॅमेराही त्याच वायफायवर.

गणपतीत पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून ह्यांच्या तोंडून शब्द नाही. पण लाज तर आहे ना!

१३ नोव्हेंबर
सर्वेशला पुण्याला फोन. चिरंजीव म्हणतात, "गो आई, नाताळाक येतंय, तेवा बघतंय. त्या पेटीक हात लावू नको, सगळा बंद पाडशीत!" पेटी म्हणजे त्याने बसवलेला फायरवॉल, नेटवर्कच्या दारावरचा राखणदार; कुणाला कुठे जाऊ द्यायचं ते ठरवतो.
"पाडलं तर चालूही मीच करीन."
पेटीचं तिसरं भोक रिकामं आहे. तिथे जुना राउटर जोडणार, फक्त पाहुण्यांसाठी.

१४ नोव्हेंबर
नवं नेटवर्क झालं. नाव—"पाहुणे". फोन जोडला जातो, इंटरनेट नाही! दुपारभर डोकं धरून बसले. नव्या नेटवर्कला नियमच नसतात, म्हणून सगळंच बंद. "सगळीकडे जाऊ दे" असा नियम घातला. आलं! "पाहुणे"वरूनच कॅमेरा लावून पाहिला—तोही दिसला.
हरले? छे!

१५ नोव्हेंबर
नियम वरून खाली वाचले जातात. एक लागू पडला की पुढचं बघायचंच नाही. अगदी आमच्या सिस्टर ॲग्नेस! कॉन्व्हेंटच्या दारात आधी वाढलेल्या नखांच्या मुली बाजूला, मग "बाकीच्या, आत!" त्यांच्या हातांचा खडूचा वास आला एकदम.
मनाईचा नवा नियम घातला—पाहुण्यांकडून घराकडे जायचं नाही—आणि तो सगळ्यांत वर ओढला. घरचा पासवर्ड बदलला. कॅमेरा चालू. अक्षदाच्या टॅबवर कार्टून आहे, आजोबा नाहीत. जिंकले!

१६ नोव्हेंबर
सकाळपासून हे कॅमेऱ्याकडे टक लावून. पेज भरवताना ओठ हलले—
"चेडू... खंय गेला?" पोरगी कुठे गेली, विचारतायत! गणपतीनंतरचे पहिले शब्द.
नियम तसाच ठेवला. ह्यांना धुतलेला सदरा घातला, आणि अक्षदाला हाताला धरून आत नेलं.