बिनमिठाचा पाव कुणी सुरू केला याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पावाची बेकरी, राहणार त्याच बेकरीच्या माडीवर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकेल असा एकच माणूस होता, माझे यजमान, आणि एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनीही ते धाडस केलं नाही. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगितलं ते मला समजलं आहे. त्यांनी ते तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. डोकं मात्र जागेवर आहे आणि तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागात लिहिलं होतं.

वकीलबाईंनी मला छापील नमुना दिला होता. त्यात माणसाच्या आयुष्याला अडीच ओळी ठेवल्या होत्या. मी म्हटलं, मी माझ्या कागदावर लिहिते, तुम्ही कायदा तेवढा तपासा. त्यांनी तपासला आहे. जिथे माझी जीभ सैल सुटली तिथे त्यांनी समासात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्या मी पुसल्या.

कलम १. माडीवरच्या दोन खोल्या, गच्ची आणि घरातलं सामान मी माझा मुलगा आणि सून यांना समसमान देत आहे. सुनेचं नाव मुद्दाम घातलं आहे. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तिने रजा काढली आणि महिनाभर रोज माझे केस विंचरले. पोटच्या पोराने फोन केले, तेही पुष्कळ झाले, पण फोनने गुंता सुटत नाही. सूनबाई, तुझे उपकार मी तोंडावर कधी बोलले नाही, कारण तू लगेच रडतेस. आता सावकाश रड.

कलम २. बँकेतली ठेव मुलाला. किती आहे ते पासबुकात आहे, इथे मोजत बसत नाही.

कलम ३. पीठ मळायची लाकडी काठवट आणि भट्टीत पाव सारायचं लांब दांड्याचं फळकूट भट्टीवाल्याला. सव्वीस वर्षं तो माझ्याकडे आहे. त्याच्या हातून पाव कधी करपला नाही असं नाही, पण करपलेली बाजू खाली ठेवून त्याने तो कधी विकला नाही. मी रागावले की तो भट्टीशी बोलायचा. “ऐकलंस का,” असं म्हणून तो मला द्यायची उत्तरं तिला द्यायचा. त्यातली बरीचशी मला ऐकू यायची आणि पटायचीही. त्याचे आभार.

माझा जुना तराजू समोरच्या किराणावाल्याला. बारा वर्षांपूर्वी त्याने भरबाजारात माझं वजन कमी भरतं असं म्हटलं होतं. तराजू त्याने दर्शनी भागात ठेवावा आणि रोज वापरावा. मी त्याला माफ केलं आहे, विसरले नाही.

पाकिटं बांधणाऱ्या बाईंना आंबवलेल्या पिठाची बरणी. तिला दिवसातून एकदा खायला घालावं लागतं आणि ती कौतुक केल्याशिवाय फुगत नाही. या बाबतीत तिचं माझ्याशी जमत नसे, बाईंशी जमतं.

कलम ४. काउंटरच्या वर लावलेली पितळी पाटी, आणि तिच्याबद्दलचं खरं.

या कलमात देण्याघेण्यासारखं काही नाही. वकीलबाई म्हणाल्या, मग ते मृत्युपत्रात कशाला? मी म्हटलं, आठ वर्षं तोंडाने सांगायला जमलं नाही म्हणून.

आठ वर्षांपूर्वी शहरातल्या ग्राहक मंडळाने आमच्या बेकरीचा सन्मान केला. खाण्यापिण्याचा धंदा करणाऱ्यांपैकी जो माल वाया घालवत नाही, जवळच्या माणसांकडून घेतो, कामगारांना नीट वागवतो आणि शेजारपाजाऱ्यांना धरून राहतो, अशा एका दुकानाला ते दर वर्षी पाटी देतात. तिघे परीक्षक न सांगता आले. पीठ कुठल्या गिरणीचं ते विचारलं, भट्टीवाल्याला बाजूला घेऊन सुट्टी मिळते का ते विचारलं, आणि शेवटी कचऱ्याचा डबा उघडून आत डोकावले. आत अंड्यांची टरफलं आणि एक फाटकं फडकं होतं. माझ्या कचऱ्याचं कौतुक झालं ते आयुष्यात तेवढंच. पण त्यांना सगळ्यांत आवडली ती बाहेरची फळी आणि बिनमिठाचा पाव. पाटीवर तेच कोरलं आहे.

आता ते दोन्ही कसं सुरू झालं ते लिहिते.

माझ्या यजमानांना एक बहीण. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात, आता अडुसष्टची झाली तरी. मी लग्न करून आले तेव्हा ती अठराची होती आणि मला पीठ मळायला तिनेच शिकवलं. माझ्या बोटांना चिकटलेलं पीठ बघून ती हसली नाही, याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे. तिने लग्न केलं नाही. बेकरीत आम्ही दोघी जोडीने उभ्या राहायचो. मीठ मोजायचं काम तिचं होतं.

पंधरा वर्षांपूर्वी एका सकाळी साठ पाव बिनमिठाचे निघाले. बेकरीवाल्याला यापेक्षा मोठी नामुष्की नाही. मीठ नसलेला पाव दिसायला छान असतो आणि तोंडात घातला की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लागतो. मी गिऱ्हाइकांच्या देखत धाकटीला वाटेल ते बोलले. हिच्या हातात दुकान गेलं तर आठवड्यात टाळं लागेल, इथवर बोलले. जे बोलले नाही ते असं, की ती मीठ मोजायला वाकली होती तेव्हा काउंटरवर गर्दी आहे म्हणून मीच तिला हाक मारली होती. ती आली, गिऱ्हाइकं सांभाळली, आणि परत गेली तोवर भट्टीवाल्याने मीठ पडलंय असं समजून पीठ मळायला घेतलं होतं. चूक निम्मी माझी होती. हे आज पहिल्यांदा लिहीत आहे.

मी म्हटलं, टाकून दे सगळे. तिने टाकले नाहीत. बाहेर एक फळी ठोकली, पाव मांडले आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: यात मीठ नाही. चूक आमची आहे. हवा तर घेऊन जा. दुपारपर्यंत फळी रिकामी झाली. तिसऱ्या दिवशी एक निवृत्त मास्तर आले आणि विचारू लागले, तो पाव परत कधी करणार? डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं होतं, आणि मिठाबरोबर पावही सुटला होता. वर्षभराने त्यांनी पहिल्यांदा घरात सगळ्यांबरोबर बसून पाव खाल्ला होता. धाकटीने मला न विचारता दुसऱ्या दिवसापासून बारा पाव बिनमिठाचे काढायला सुरुवात केली. पुढे ते चाळीस झाले.

आणि फळीही राहिली. उरलेला चांगला माल संध्याकाळी तिच्यावर जायचा. मी म्हटलं, फळी काउंटरसमोर आण, कोण किती नेतं ते कळेल. धाकटीने उलट ती उचलून भिंतीच्या आड, गल्लीकडे तोंड करून ठोकली. घेणाऱ्याला आपले डोळे दिसायला नकोत, एवढंच ती म्हणाली. पंधरा वर्षांत त्या फळीवरून कोण काय नेतं हे आम्हाला कुणालाही ठाऊक नाही. परीक्षकांनी नेमकं हेच उचलून धरलं.

मंडळाच्या अर्जात एक रकाना होता: ही पद्धत कोणी सुरू केली? यजमान जाऊन वर्ष झालं होतं, अर्ज मी एकटीने भरला. मी लिहिलं, बेकरीच्या मालकीणबाईंनी. एकच ओळ. सन्मानाच्या दिवशी ती माईकवरून वाचली गेली. धाकटी तिसऱ्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपला एप्रन घडी करून काउंटरवर ठेवला, “पाटी छान आहे, वहिनी,” असं म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. आठ वर्षं आम्ही तीन गल्ल्यांच्या अंतरावर राहिलो आणि बोललो नाही.

तरी मी जाहीर करते की, फळी, बिनमिठाचा पाव आणि पाटीवर कोरलेलं प्रत्येक अक्षर हे माझ्या नणंदेचं आहे. मंडळाला मी तसं पत्र पाठवलं आहे आणि दुरुस्तीची पाटी माझ्या हयातीत लागणार आहे.

कलम ५. बेकरी.

पहिल्या मसुद्यात बेकरी मी धाकटीच्या नावे लिहिली होती. मुलाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आई, मला पाव भाजता येत नाही, मी ती विकली असती. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल त्याचेही आभार.

मसुदा घेऊन मी स्वतः धाकटीकडे गेले. ती दुसऱ्या मजल्यावर राहते. दर वळणावर मी थांबत होते, थोडं हृदयासाठी आणि बरंचसं भीतीने. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढे जिने कशाला चढलीस म्हणून रागावली. पाणी दिलं. मग चष्मा लावून तिने सगळा कागद वाचला, चौथं कलम दोनदा. मी खिडकीतून समोरची वाळत घातलेली चादर बघत बसले होते. इतकी वर्षं मी तिच्यावर ओरडू शकले होते, पण त्या पाच मिनिटांत मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

“साक्षीदार कोण आहेत?” तिने विचारलं.

मी म्हटलं, एक शेजारचे शिंपीकाका, दुसरं अजून ठरायचंय.

“मग दुसरी मी.”

मी तिला सांगितलं की तसं चालत नाही. वकीलबाईंनी मला बजावून सांगितलं होतं, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, सही केलीस तर तुझी बेकरी जाईल.

“म्हणूनच तर म्हणतेय,” धाकटी म्हणाली. “बेकरी घेतली तर लोक म्हणतील, हिने दुकानासाठी बोलणं सुरू केलं. काही न घेता सही केली तर म्हणतील, खरं होतं म्हणून केली. मला ते दुसरं हवंय, वहिनी.”

मी रडले. तिने मला रडू दिलं, आणि मग म्हणाली की तिचे गुडघे भट्टीपुढे उभं राहायच्या लायकीचे उरलेले नाहीत, तेव्हा फार मोठा त्याग वगैरे समजू नकोस.

वकीलबाईंनी नंतर समजावलं की साक्षीदार फक्त सही होताना पाहतो, मजकुराशी त्याचा संबंध नसतो. धाकटी म्हणाली, तुमच्या कायद्यात नसेल.

म्हणून बेकरी, भट्टी, साचे आणि दुकानाची जागा मी भट्टीवाला आणि पाकिटं बांधणाऱ्या बाई यांना निम्मी निम्मी देत आहे. अट एकच, फळी आहे तिथेच आणि आहे त्याच तोंडाने राहील. बिनमिठाचे पाव किती काढायचे ते त्यांनी ठरवावं. चाळीसपेक्षा कमी काढले तर मला कळणार नाही, पण मास्तरांना कळेल.

कलम ६. माझी नणंद हिला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. याचा कुणी गैरअर्थ काढू नये. तिच्याकडून मला मिळालं ते असं: पीठ मळायची विद्या, बेकरीचं नाव, आणि गेल्या दोन आठवड्यांतले रोजचे दोन तास. ती शाळेतून सुटली की येते, खुर्ची ओढून बसते आणि माझ्या चहात साखर जास्त आहे म्हणून कुरकुर करते. इतकं सुख माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं. ज्यांनी ज्यांनी माझा पाव खाल्ला, आणि ज्यांनी तो मागच्या बाजूने नेला आणि मला कधी दिसले नाहीत, त्या सगळ्यांची मी आभारी आहे.

वरील सर्व मी लिहिलं, मोठ्याने वाचून घेतलं आणि मला मान्य आहे.

ठिकाण: बेकरीमागची खोली. मंगळवार, ३ मार्च, सकाळी दहा.

(सही) बेकरीच्या मालकीणबाई

साक्षीदार पहिले: मालकीणबाईंनी माझ्यासमोर सही केली. हात थरथरत नव्हता. (सही) शेजारचे शिंपी

साक्षीदार दुसरी: माझ्यासमोर सही केली. मजकूर पूर्ण वाचला, खरा आहे. मला यातून काहीही मिळत नाही. (सही) धाकटी