कासवाची पायरी

प्रिय आई,

नमस्कार. तब्येत ठीक आहे, जेवणही वेळेवर होतं. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

संग्रहालयात प्राण्यांचं नवं दालन होतंय. पाट्यांचा मजकूर माझ्याकडे आहे. साहेबांना तिथे जिना हवाय: तळाला मासा, मग कासव, सगळ्यात वर माणूस. मला शिकवताना तू घरच्या पायऱ्यांवर खडूने काढायचीस अगदी तसाच, आणि वर माणूस म्हणून मलाच बसवायचीस.

मी म्हटलं, "उत्क्रांती अशी वर चढत नाही, सर. डायनासोर संपले तेव्हा कासवं तगली, ती काही हुशार होती म्हणून नव्हे. त्यांना थोडक्या अन्नावर, पाण्यात दडून राहता आलं. शिवाय नशीब."

"मग काय, कासवाला माणसाच्या डोक्यावर बसवू?"

"वरखाली असं काही नसतंच, सर."

"अहो बाई, लोकांना वर चढायला आवडतं. तुम्ही फक्त लिहा."

कितीही समजावलं तरी उत्तर तेच. वैतागून मी पेन आपटलं. मग वाटलं, मीच शिष्टपणा करतेय का?

पण खोटी पाटी माझ्याने लिहवत नाही. उद्या तसं सांगणार आहे. नोकरी राहीलसं वाटत नाही. माझी खोली रिकामी आहे ना? तुझा गुडघा कसा आहे?

आणि आता ताईच्या लेकीला शिकवतेस, तर प्राणी पायऱ्यांवर नको, अंगणात काढ. सगळे एका सपाटीवर. गुडघ्यालाही बरं.

तुझी,
वरच्या पायरीवरून उतरलेली लेक